बोर्ड रिकामा होता

१

आमच्या ऑफिसात माणूस दप्तरखान्यात आहे की नाही हे डोकावून बघत नाहीत, बोर्ड बघतात. दाराशेजारी लाकडी फळी, तिला सात खिळे. प्रत्येकाकडे आपापल्या नंबराचा पितळी बिल्ला. आत जाताना तो खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की काढून खिशात टाकायचा. बोर्ड रिकामा म्हणजे दप्तरखाना रिकामा. नियम माझा आहे. साहेब नुसती सही करतात, ऑफिस मी चालवते. कुणाला राग येत असेल तर येऊ दे.

दप्तरखाना म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांची खोली. साठ वर्षांत या भागात कोण आलं आणि कोण गेलं, त्यातलं जे वाचलं ते त्या खोलीत आहे. सहा वर्षांपूर्वी पूर आला तेव्हा जुन्या इमारतीत यापेक्षा दुप्पट वह्या होत्या. निम्म्यांचा लगदा झाला. पुढची दोन वर्षं माझ्या खिडकीसमोर रांग लागायची. एका बाईला नवरा मेलाय हे सिद्ध करता येईना. एका पोरीला आपण जन्मलोय हेच सिद्ध करता येईना, तिचं लग्न अडलं. ज्यांची माणसं पुरात वाहून गेली आणि सापडलीच नाहीत, त्यांना तर मी रोज एकच उत्तर द्यायची: देह नाही, दाखला नाही, तर नोंद नाही. माझ्या तोंडाला फेस यायचा बोलून बोलून.

त्या पुराच्या दिवशी वह्या वरच्या मजल्यावर हलवायचं काम माझ्याकडे होतं. मी ते अर्धवट टाकून पळाले, कारण माझी धाकटी बहीण तळमजल्यावरच्या खोलीत एकटी होती. छातीएवढ्या पाण्यातून मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा ती कपाटावर चढून बसली होती, आणि मला बघून म्हणाली काय, तर "आली का जेलर!" मी तिला खांद्यावर घेऊन बाहेर काढली. नंतर साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "एका माणसासाठी तुम्ही सत्तर हजार माणसं बुडवलीत?" ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

म्हणून नवीन दप्तरखाना बांधताना मी कुणाला झोपू दिलं नाही. उंचावरची जागा, हातभर जाड भिंती, लोखंडी दार, दाराला तळहाताएवढी जाड काच, त्याच्यापुढे बोळाच्या बाजूला जाळीचं दुसरं दार. आगीसाठी गॅस, कारण पाण्याने विझवली तर वह्या पुन्हा गेल्याच. भोंगा वाजला की अर्ध्या मिनिटात सगळ्यांनी बाहेर. दार बंद. मग गॅस सुटतो आणि आग गुदमरून मरते. वीस मिनिटं दार उघडायचं नाही, नाहीतर हवा मिळते आणि आग पुन्हा उठते. आत माणूस राहिला तर तो आगीच्या आधी मरेल, म्हणून बोर्ड. किल्ली माझ्या गळ्यात. वह्यांचे फोटो काढून दुसऱ्या गावी पाठवायचं काम चालू होतं, साठातली बावीस वर्षं झाली होती. उरलेल्या अडतीस वर्षांची नक्कल जगात कुठेही नव्हती.

धाकटीला मीच त्या कामाला लावलं. वहीची पानं मोजायची, फाटकी चिकटवायची, फोटोला पाठवायची. दिवसभर तिचा बिल्ला बोर्डावर असायचा आणि तिची बडबड आतून ऐकू यायची.

२

मंगळवार होता. साडेपाच वाजले, एकेक जण निघाला. शेवटी धाकटी दप्तरखान्यातून बाहेर आली, बिल्ला काढला, खिशात टाकला.

"निघूया का, ताई?"

मी मान वर करून बघितलं. आयुष्यात तिने मला ताई म्हटलं नव्हतं. लहानपणी मी तिला खोलीत कोंडून अभ्यासाला बसवायची, तेव्हापासून मी जेलर. ऑफिसात चारचौघांतही जेलर. हजारदा सांगून झालं, बाई, इथे तरी मान ठेव. म्हटलं, चला, बत्तिसाव्या वर्षी का होईना, अक्कल आली.

दार लोटून मी कुलूप लावलं आणि सवयीने काचेतून बघितलं. आतले दिवे आपोआप चालतात. कुणी हललं की लागतात, पाच मिनिटं काही हललं नाही की विझतात. मी दिवे विझेपर्यंत थांबते, ही माझी खोड. त्या दिवशी पाच मिनिटं झाली, दहा झाली, दिवे जळतच होते.

"उंदीर असेल," धाकटी म्हणाली.

"हातभर भिंतीतून उंदीर?"

"मग बिघाड असेल, ताई."

मी बोर्डाकडे बघितलं. सातही खिळे रिकामे. माझा नियम, माझा बोर्ड. कुलूप पुन्हा ओढून पाहिलं आणि आम्ही घरी गेलो. एवढंच मी केलं. तेव्हा दार उघडून आत दोन हाका मारल्या असत्या तर काय बिघडलं असतं, ते मला विचारू नका. मी रोज स्वतःला विचारते.

३

बुधवारी सकाळी दार उघडलं, दिवे चालूच. आत गेले. सगळं जागच्या जागी.

आमची कपाटं सरकती आहेत, ते सांगायला हवं. जमिनीत रूळ, रुळांवर आठ लोखंडी कपाटं एकमेकांना चिकटून उभी, आणि प्रत्येकाच्या बाजूला एक चाक. चाक फिरवलं की कपाटं सरकतात आणि मध्ये एक गल्ली उघडते. गल्ली एकच. दुसरी उघडायची तर पहिली मिटते. जागा वाचते, दुसरं काय.

मी एकेक करून साती गल्ल्या उघडून बघितल्या. माणूस, उंदीर, काही नाही. चौथी बघत होते तेव्हा मिटलेल्या दुसरीतून टकटक झाली. दुसरी उघडली तर गप्प. मग पाचवीत टकटक. मी पाचवी उघडली तर पुन्हा दुसरीत. म्हणजे जी मिटलेली असेल तिच्यात. लोखंड आहे, थंडीने गरमीने वाजतं, मी मनाशी म्हटलं. मिटलेल्या दोन कपाटांत बोटभर फट राहते. तिथे काय राहणार? डोकं ठिकाणावर असलेल्या बाईने हाच विचार केला असता.

शुक्रवारी मला दुसऱ्या कपाटातली एक मृत्यूची वही हवी होती. ती काढली आणि गल्ली मिटवायला चाक फिरवलं. कपाट सरकलं आणि वीतभर फट ठेवून अडलं. मी जोर लावला. हलेना. वही पडली असेल म्हणून वाकून बघितलं, फटीत अंधार. मला रागच आला. बायका-बापड्या खिडकीशी खोळंबल्या होत्या. मी चाकाला खांदा लावला, पाय भिंतीला टेकवला आणि सगळं वजन टाकलं.

आत काहीतरी मोडलं. ओल्या लाकडाची काठी मोडावी तसं, एकापाठोपाठ तीन-चारदा. मग कपाट सुळकन् मिटलं.

 लगेच उलटं चाक फिरवून गल्ली उघडली. रिकामी. जमिनीवर बशीएवढा ओला डाग, तो बोटाने पुसला तर पाण्यासारखा, पण कोमट. वर पाइप नाही, नळ नाही. मी दारातून बाहेर बघितलं. धाकटी तिच्या टेबलाशी पानं मोजत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण मोजायची थांबली होती. मी कपाट पुन्हा मिटवलं तशी तिने पुढचं पान उलटलं.

४

घरी आम्ही दोघीच. एरवी संध्याकाळी घरात पाय टाकल्यापासून वाद. पंखा, खिडकी, तिचे जमिनीवर टाकलेले कपडे, माझी बडबड. त्या आठवड्यात शब्दाला शब्द लागला नाही. ती कपडे घडी करून ठेवत होती. वाढलेलं मुकाट्याने खात होती. शेजारीण मला म्हणाली, "धाकटी फार शहाणी झाली हो." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवसांत फार बरं वाटलं. चार-पाच दिवस मी त्या सुखात होते, आणि तेच मला सगळ्यात जास्त खातं.

रविवारी दुपारी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "ताई, वीसच मिनिटं ना?"

"कसली?"

"गॅस सुटल्यावर दार बंद ठेवायचं ते. जास्त ठेवलं तर चालतं का?"

"चालतं. पण वीस पुरतात. का गं?"

"काही नाही. नीट माहीत असावं."

बोलता बोलता सुरी तिच्या बोटात खोल गेली. तिने सुरी काढली, बोट बघितलं आणि चिरायला लागली. मी धावत कापूस आणला. "लागलं नाही, ताई," ती म्हणाली. खरंच, रक्ताचा टिपूस नव्हता. माझेच डोळे, चष्म्याचा नंबर वाढलाय, अशी मी माझी समजूत घातली. माणूस स्वतःची समजूत किती पटकन घालू शकतो!

टकटक आठवडाभर चालू राहिली. रोज थोडी कमी जोराची.

५

पुढच्या गुरुवारी, दुपारी दोन चाळीसला, भोंगा वाजला.

तालीम आम्ही दर तिमाहीला करतो, त्यामुळे कुणी गडबडलं नाही. साहेब केबिनमधून आले. दोघे टंकलेखक, फोटो काढणारी बाई, धाकटी, मी, आणि आमचा पहारेकरी हवालदार. तो पोलिसात कधीच नव्हता, मिशांवरून धाकटीनेच त्याला ते नाव दिलं होतं. सातही जण बाहेरच्या बोळात जमलो. मी बोर्ड बघितला. रिकामा. दार लोटलं, कुलूप लावलं. बाहेरचं जाळीचं दार ओढून घेतलं आणि तिथे उभी राहून मोठ्याने मोजलं: सात माणसं, सात बिल्ले.

आत फुस्स करून गॅस सुटला. काचेमागे पांढरंशुभ्र भरून आलं.

"धूर!" फोटोवाली रडायला लागली. "माझी अडतीस वर्षं!"

"गप्प. काही होत नाही वह्यांना," मी म्हटलं. पुन्हा तीच रांग, तीच रडणारी माणसं डोळ्यांपुढे आली. या वेळी मी जागची हलणार नव्हते. काही झालं तरी नाही.

आणि तेवढ्यात आतून दारावर आदळलं.

टकटक नव्हे. कुणीतरी लोखंडी शिडी दोन्ही हातांनी उचलून दारावर घातली होती. बोळातली धूळ खाली आली. पुन्हा आदळलं. पुन्हा.

"आत माणूस आहे!" हवालदार ओरडला.

"बोर्ड बघ."

"बाई, बोर्ड घाला चुलीत! आवाज ऐका!"

"सात आहेत. सगळे इथे आहेत. मोज तू. कोण राहिलंय सांग, मी उघडते."

त्याने खरंच मोजलं. बोट करून करून, दोनदा. साहेबांनीही मोजलं. सात. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते म्हणाले, "बाई बरोबर आहेत. वीस मिनिटं."

आम्ही कागदावर जगणारी माणसं. नोंद नाही म्हणजे माणूस नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना हेच ऐकवलं, आपणही तेच मानायला लागतो.

६

हवालदाराने भिंतीवरची कुऱ्हाड काढली. जाळीच्या दाराची कडी काढून त्याने फटीत हात घातला, ते ओढून पुढे जायला. मी जाळी दोन्ही हातांनी धरली आणि त्याच्या पंजावर आपटली. एकदा नाही, तीनदा. त्याची दोन बोटं उलटी वळलेली मी बघितली. तो गुडघ्यांवर बसला आणि किंचाळला. मला त्याची दया आली नाही. मी म्हटलं, "सत्तर हजार माणसं आहेत आत."

त्याची किंचाळी ऐकून आतलं आदळणं थांबलं. मग आतून आवाज आला. जाड लोखंडातून, घोगरा, छाती फुटल्यासारखा.

"जेलर!"

मी वळून धाकटीकडे बघितलं. ती माझ्या शेजारी, हातभर अंतरावर उभी होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिची नजर होती आणि ओठ हलत होते. ती मोजत होती.

"जेलर, मी आहे गं! उघड!"

"लोखंड वाजतंय, ताई," शेजारची म्हणाली. "पाच मिनिटं दहा सेकंद."

आतून हुंदका आला, मग काहीतरी दारावरून खाली घसरलं आणि पुन्हा वर चढलं. "नऊ दिवस झाले गं. पुरात आली होतीस ना! तेव्हा आलीस, मग आता ये ना!"

काचेवर पांढऱ्यातून एक तळहात आला. त्याने धुकं पुसलं. नखं नव्हती. तळहातामागे एक चेहरा टेकला, अर्धाच. गाल आत बसलेला, जबडा एका बाजूला सरकलेला, कपाटात सापडल्यासारखा. पण डोळा शाबूत होता. तो डोळा मी पाळण्यात बघितलाय. आई गेल्यावर त्याच्यात मी औषधाचे थेंब घातलेत. तो मला ओळखून रडत होता.

मी गळ्यातली किल्ली ओढली. दोरा तुटला. जाळी ढकलून मी लोखंडी दाराशी गेले. कुलपाला किल्ली लावणार एवढ्यात शेजारचीने माझं मनगट धरलं.

"वीस मिनिटं, ताई. नियम तुझाच आहे."

"सोड."

"सहा मिनिटं."

मी हिसडा दिला. तिची पकड सुटेना. तिने नुसता हात वळवला आणि माझ्या मनगटातलं हाड मोडलं, मला आवाज ऐकू आला. किल्ली खाली पडली. मी डाव्या हाताने हवालदाराची कुऱ्हाड उचलली आणि दांड्याने तिच्या तोंडावर घातली. दुसऱ्यांदा घातली. तिची भुवई फाटली, कातडी लोंबली, मागे हाड दिसलं. रक्त नाही. ती डोळ्याची पापणी न हलवता घड्याळाकडे बघत होती.

"सहा मिनिटं तीस."

मी कुऱ्हाड फिरवून पात्याची बाजू पुढे घेतली. खरं सांगते, मी तिचं डोकं फोडणार होते. त्याच वेळी मागून दोघे टंकलेखक माझ्यावर पडले. साहेबांनी माझे पाय धरले. त्यांना काय दिसत होतं ते मला कळतं: थोरली बहीण वेडी झाली, धाकटीला मारतेय. एकजण माझ्या पाठीवर बसला. माझा गाल फरशीला चिकटला होता आणि दारही त्याच फरशीवर उभं होतं, त्यामुळे आतलं सगळं मला गालातून ऐकू येत होतं.

मी ओरडत राहिले. "तीच आहे आत! बघा तिच्याकडे, रक्त बघा!" फोटोवाली धाकटीच्या भुवईवर रुमाल दाबत होती. "किती लागलंय हो, शांत व्हा ना, ताई!"

आदळणं आणखी दोन मिनिटं चाललं. शिडी मग उचलली जाईना. मग मुठी. मग नुसती बोटं, फरशीलगत, माझ्या गालाच्या उंचीवर. तिलाही कळलं असावं मी कुठे आहे. शेवटी ती काही बोलत नव्हती, नुसतं खाजवत होती. मी फरशीवर नख घासून उत्तर देत होते. मग तिकडून थांबलं. मी घासत राहिले.

"वीस," शेजारची म्हणाली. "आता उघडा."

७

आत कुणी नव्हतं.

वह्या सगळ्या जागच्या जागी, एक पान काळं पडलेलं नाही. साहेब एकेका कपाटाला हात लावून बघत होते आणि रडत होते. शिडी दाराशी आडवी पडली होती, तिचे दोन पाय वाकलेले. दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या डोक्याच्या उंचीपासून फरशीपर्यंत, बोटांचे पट्टे. तपकिरी, ओले. मी ते हुंगले. रक्त मला वासाने कळतं.

गॅसवाला चार वाजता आला. गॅसच्या यंत्रणेची देखभाल त्याच्याकडे. त्याने फडक्याने दार पुसलं. "गंज आहे, ताई. थंड गॅसने लोखंड आकसतं, मोठे आवाज होतात. शिडी तशीच पडते. लोक घाबरतात, नेहमीचंच आहे." माझं मनगट झोळीत होतं, औषधाने डोकं जड झालं होतं, मी भिंतीला टेकून बसून ऐकत होते.

तो शिडी सरळ करून वर चढला, छताशी काहीतरी बघितलं आणि खाली उतरला. हातात वायरीचं टोक होतं.

"ही बघा तुमची गंमत. धूर ओळखणाऱ्या यंत्राची वायर तुटली, म्हणून भोंगा वाजला. उंदरांनी कुरतडलीय."

वायर कुरतडलेली नव्हती. ओढून, पिळून तोडली होती. दोन ठिकाणी तिच्यावर दातांच्या खुणा होत्या, माणसाच्या दातांच्या.

"आणि आग?" मी विचारलं.

"आग कुठली? आग लागलीच नाही. तो धूर नव्हता, गॅस सुटला की असंच पांढरं होतं." तो हसला. "दार कधीही उघडलं असतं तरी चाललं असतं."

साहेबही हसले. सुटल्यासारखे.

मला हसायला आलं नाही. नऊ दिवस ती टकटक करत राहिली आणि कुणी आलं नाही. तेव्हा तिने मोडक्या हाडांनी शिडीवर चढून वायर ओढली, कारण भोंगा वाजला की जेलर दाराशी येणारच, हे तिला माहीत होतं. मी आले. कुलूप लावलं. गॅस सोडला. बाहेर उभी राहून माणसं मोजली.

त्या दिवशी संध्याकाळी दप्तरखान्याचे दिवे पाच मिनिटांत विझले.

८

हवालदाराने नोकरी सोडली. मी त्याच्या घरी गेले होते. दारातच म्हणाला, "बाई, मी डोळाही बघितला आणि हातही बघितला. पण माझी साक्ष मागू नका. ती रस्त्याने जाताना मला नमस्कार करते." मोडलेली बोटं वर करून त्याने दार लावलं.

वरून पत्र आलं, आमच्या ऑफिसने संकटात एकही नोंद गमावली नाही म्हणून. साहेबांनी चहा दिला सगळ्यांना. धाकटीने भुवईवर पट्टी लावून पत्र मोठ्याने वाचलं, टाळ्या पडल्या.

काल घरी, जेवणाच्या टेबलावर, मी मृत्यूच्या नोंदीचा कोरा फॉर्म घेऊन बसले. उजवा हात अजून प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताने, वाकडंतिकडं लिहिलं. मृताचं नाव. वय बत्तीस. ठिकाण, दप्तरखाना. वेळ, दुपारी दोन एक्कावन्न, कारण तेव्हा खाजवणं थांबलं. माहिती देणाऱ्याचं मृताशी नातं, बहीण. एवढं लिहिताना मी हंबरडा फोडला. तिच्यासाठी रडायला मला तोपर्यंत जागाच मिळाली नव्हती. मेलेली बाई समोर ताट वाढत असताना कुणाजवळ रडायचं?

मग मृत्यूचं कारण. त्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. दुसरं खरं कारण नाही.

ती माझ्या मागे येऊन उभी राहिलेली मला कळलं नाही. तिने खांद्यावरून वाकून फॉर्म वाचला, शांतपणे, वरपासून खालपर्यंत, मी शिकवलं होतं तसं प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून.

"कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव चालत नाही, ताई," ती म्हणाली. "आणि देह कुठे आहे?"

 खिडकीसमोरच्या त्या सगळ्या माणसांना मी हेच विचारलं होतं, याच आवाजात.

तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, पट्टी आणली आणि फॉर्मवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ मारली. खाली तारीख घातली. 'रद्द' लिहिलं. सहीच्या जागी तिने माझ्या बहिणीची सही केली, हुबेहूब, आणि कागद मला तपासायला दिला. मी तपासला. त्यात एकही चूक नव्हती.